हार्मोनचा रिपोर्ट आणि हृदयाचा हिशेब

'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या २४ ऑक्टोबर १९८५ च्या अंकात दोन लेख एकत्र छापून आले. पहिला अमेरिकेतल्या परिचारिकांच्या पाहणीवरचा होता. पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेतलेल्या बायकांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण, गोळ्या कधीच न घेतलेल्यांच्या जवळपास निम्मं आढळलं होतं. दुसरा लेख मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रॅमिंगहॅम गावातल्या पाहणीवरचा. तिथे गोळ्या घेणाऱ्या बायकांना हृदयाचे आणि रक्तवाहिन्यांचे आजार दीडपट होते. दोन्हीकडचे संशोधक नावाजलेले, दोन्ही पाहण्या वर्षानुवर्षं चाललेल्या, आणि निष्कर्ष मात्र एकमेकांच्या थेट विरुद्ध.

त्या अंकाला चाळीस वर्षं झाली, तरी तो प्रश्न दवाखान्यात रोज येतो. पाळी अनियमित असलेल्या मुलीची आई विचारते, हिला पुढे शुगर तर होणार नाही ना? पन्नाशीतल्या बाईला कळत नाही की खाणंपिणं तेच असताना कोलेस्टेरॉल एकाएकी कसं वाढलं. पोट सुटलेला, कायम थकलेला पुरुष टेस्टोस्टेरॉनचा रिपोर्ट पुढे करतो आणि इंजेक्शन सुरू करू का म्हणतो. तिघांनाही जाणून घ्यायचं आहे ते एकच: प्रजननाच्या संप्रेरकांचा हृदयाशी, साखरेशी आणि चरबीशी संबंध काय? आजवरचा पुरावा समोर मांडला की माझं मत असं बनतं की संबंध खरा आहे आणि घट्टही आहे. पण रक्तातला हार्मोनचा आकडा जितका कारण असतो, तितकाच परिणामही असतो. वय, वजन, बाई की पुरुष, पाळी जाऊन किती वर्षं झाली, हे सगळं बाजूला ठेवून तो आकडा वाचला की गफलत होते. गेल्या साठ वर्षांत ही गफलत पुन्हा पुन्हा झाली आणि तिची किंमत रुग्णांनी मोजली.

संशय इस्ट्रोजेनवर का गेला, हे समजायला अवघड नाही. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' पाहणीत बायकांना पहिला हार्ट अटॅक पुरुषांपेक्षा सरासरी नऊ वर्षं उशिरा येतो असं दिसलं. ही पाहणी २००४ सालची. पण फ्रॅमिंगहॅमच्या संशोधकांना १९७० च्या दशकातच जाणवलं होतं की पाळी चालू असलेल्या बायकांना अटॅक जवळपास येतच नाही, आणि त्याच वयाच्या पण पाळी गेलेल्या बायकांना तो येऊ लागतो. यावरून सरळ तर्क निघाला: इस्ट्रोजेन हृदयाची राखण करतं, तर ते बाहेरून द्यावं.

हा तर्क मोठ्या प्रमाणावर आधी पुरुषांवर लावून पाहिला गेला, हे आज फारसं कुणाला आठवत नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेत सुरू झालेल्या 'कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट'मध्ये अटॅक येऊन गेलेल्या पुरुषांना रोज २.५ किंवा ५ मिलिग्रॅम इस्ट्रोजेन दिलं गेलं. बायकांना नेहमी दिला जाणारा डोस ०.६२५ मिलिग्रॅम, म्हणजे हा त्याच्या चौपट आणि आठपट. ५ मिलिग्रॅमचा गट १९७० मध्ये बंद करावा लागला, कारण अटॅक कमी व्हायच्या ऐवजी वाढले. २.५ मिलिग्रॅमचा गट १९७३ मध्ये थांबला. कुणाच्या शरीरात, किती आणि कधी, हे तीन प्रश्न तेव्हाच ऐरणीवर यायला हवे होते. ते आले नाहीत.

उलट बायकांमध्ये या गोळ्यांचा वापर वाढतच गेला. गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेलं 'प्रेमरिन' अमेरिकेत १९४२ पासून मिळत होतं. १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन या स्त्रीरोगतज्ज्ञाने 'फेमिनाइन फॉरेव्हर' हे पुस्तक लिहिलं आणि पाळी जाणं हा इस्ट्रोजेनच्या कमतरतेचा आजार आहे, तो गोळीने बरा होतो, हा विचार घरोघरी पोहोचवला. १९७५ मध्ये नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाचा कर्करोग वाढतो हे सिद्ध झालं, तेव्हा ज्यांचं गर्भाशय शाबूत आहे त्यांना जोडीला प्रोजेस्टिन देण्याची पद्धत पडली. १९९० च्या दशकात तर हे औषध अमेरिकेत सर्वाधिक लिहून दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी एक झालं. डॉक्टरही ते गरम वाफा आणि घाम यांच्यापुरतं न देता हृदयाच्या रक्षणासाठी देऊ लागले.

परिचारिकांच्या पाहणीत एक मेख होती. ज्या बायका स्वतःहून गोळ्या मागून घेत, त्या मुळातच अधिक शिकलेल्या, सडपातळ, व्यायाम करणाऱ्या आणि वेळच्या वेळी डॉक्टरकडे जाणाऱ्या होत्या. त्यांचं हृदय गोळीने राखलं की त्यांच्या राहणीने, हे नुसत्या निरीक्षणातून सांगता येत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकून निम्म्या बायकांना औषध आणि निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी द्यावी लागते. पहिली मोठी अशी चाचणी 'हर्स'. तिचा निकाल १९९८ मध्ये आला. आधीच हृदयविकार असलेल्या २,७६३ बायकांना चार वर्षं हार्मोन देऊन फायदा शून्य. पहिल्या वर्षात तर अटॅक वाढलेच.

मग आली 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह'. ती उभी राहिली डॉ. बर्नाडीन हीली यांच्यामुळे. त्या हृदयरोगतज्ज्ञ, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पहिल्या महिला संचालक. बायकांच्या हृदयविकाराकडे दुर्लक्ष होतं हे त्यांनी १९९१ मध्ये ठणकावून सांगितलं आणि त्याच वर्षी ही योजना मांडली. ५० ते ७९ वयाच्या, गर्भाशय असलेल्या १६,६०८ बायका इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिनच्या चाचणीत आल्या. साडेआठ वर्षं चालायची ही चाचणी ५.२ वर्षांनी, जुलै २००२ मध्ये थांबवली गेली. दरवर्षी दर १०,००० बायकांमागे हृदयविकाराच्या ७ घटना जास्त, पक्षाघात ८ जास्त, फुप्फुसात गुठळी ८ जास्त, स्तनांचा कर्करोग ८ जास्त. दुसरीकडे मोठ्या आतड्याचा कर्करोग ६ कमी आणि खुब्याचं हाड मोडणं ५ कमी.

वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत मात्र टक्केवारी छापली गेली. हृदयविकार २९ टक्क्यांनी वाढला, कर्करोग २६ टक्क्यांनी. दहा हजारांत सात आणि एकोणतीस टक्के ही एकाच निकालाची दोन रूपं आहेत. घबराट पसरली ती दुसऱ्या रूपाने. जगभर लाखो बायकांनी गोळ्या एका रात्रीत बंद केल्या. आणखी एक बाब मथळ्यात आलीच नाही: या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेली बाई आणि नुकतीच पाळी गेलेली बाई यांच्या रक्तवाहिन्या सारख्या नसतात. गर्भाशय काढलेल्या १०,७३९ बायकांवरची नुसत्या इस्ट्रोजेनची चाचणी २००४ मध्ये थांबली. तिथे पक्षाघात वाढला होता, पण हृदयविकार वाढला नव्हता आणि स्तनांचा कर्करोगही वाढला नव्हता. हा निकाल पहिल्याच्या गदारोळात झाकला गेला.

वयाचा आणि वेळेचा धागा उलगडला तो माकडांच्या प्रयोगातून. अमेरिकेतल्या थॉमस क्लार्कसन यांनी मादी माकडांचे बीजांडकोष काढले. काहींना लगेच इस्ट्रोजेन दिलं, काहींना दोन वर्षं थांबून. लगेच दिलेल्या माकडांच्या हृदयवाहिन्यांतली चरबीची पुटं सुमारे ७० टक्क्यांनी कमी होती. उशिरा दिलेल्यांना काहीच फायदा झाला नाही. २००७ मध्ये विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हच्याच आकड्यांची फेरमांडणी झाली, तेव्हा पाळी जाऊन दहा वर्षांच्या आतल्या बायकांमध्ये हृदयविकार कमी होण्याकडे आणि वीस वर्षं उलटलेल्यांमध्ये वाढण्याकडे कल दिसला. 'एलिट' या चाचणीचा निकाल २०१६ मध्ये आला. तिने मानेतल्या रक्तवाहिनीच्या भिंतीची जाडी मोजली: पाळी जाऊन सहा वर्षांच्या आत औषध सुरू केलं तर जाडी वाढण्याचा वेग मंदावला, दहा वर्षांनंतर सुरू केलं तर फरक पडला नाही. मात्र 'कीप्स' या दुसऱ्या चाचणीत नुकतीच पाळी गेलेल्या बायकांमध्येही असा फरक आढळला नाही. म्हणून वेळेचा सिद्धान्त मला पटतो, पण तो पूर्ण सिद्ध झाला असं मी म्हणणार नाही.

व्यवहारात यातून जे उरतं ते बऱ्यापैकी स्पष्ट आहे. गरम वाफा, झोपमोड, चिडचिड यांनी हैराण झालेल्या, साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या निरोगी बाईला हार्मोन देणं बहुतेकींसाठी सुरक्षित आहे. गोळी पोटातून गेली की ती आधी यकृतातून जाते आणि तिथे रक्त गोठवणारी प्रथिनं वाढतात. त्वचेवर लावायच्या जेलने किंवा पट्टीने हा धोका वाढल्याचं निरीक्षणांत दिसलेलं नाही. पण निव्वळ हृदय राखण्यासाठी हार्मोन घेऊ नये. अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कृतिगटाने २०२२ मध्येही हेच सांगितलं. २०१७ मध्ये विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हचा अठरा वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला, त्यात हार्मोन घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांच्या एकूण मृत्यूंत फरक नव्हता. एवढं भय आणि त्याआधीची एवढी आशा, दोन्ही पुराव्यापेक्षा मोठी होती.

आता इस्ट्रोजेन शरीरात नेमकं काय करतं ते पाहू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. ते यकृताला रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल उचलायला लावतं. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सोडवून त्यांना सैल ठेवतं. चरबी मांड्या आणि नितंबांवर साठवतं. ही चरबी तुलनेने निरुपद्रवी असते. पाळी जाताना हे तिन्ही बदलतं. अमेरिकेतल्या 'स्वॉन' पाहणीने १९९६ पासून तीन हजारांवर बायकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. त्यात शेवटच्या पाळीच्या आगेमागेच्या वर्षभरात वाईट कोलेस्टेरॉल झपाट्याने चढतं, असं दिसलं. ही चढण निव्वळ वय वाढल्याने होणारी नव्हती. चरबीही पोटाकडे, आतड्यांभोवती सरकते. त्यामुळे 'खाणंपिणं तेच, तरी कोलेस्टेरॉल वाढलं' म्हणणाऱ्या बाईचं खरं असतं. तिला आहाराच्या चुका दाखवत बसण्यापेक्षा त्या वर्षी लिपिड, साखर आणि बीपी तपासणं हे डॉक्टरचं काम आहे. भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास, म्हणजे पाश्चात्त्य देशांतल्या ५१ पेक्षा चार-पाच वर्षं आधीचं. त्यात दक्षिण आशियाई माणसाला पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांतल्या लोकांना ५९ च्या सुमारास. आपल्या बायकांच्या तपासणीची वेळ म्हणूनच पाश्चात्त्य पुस्तकातल्यापेक्षा आधी येते.

टेस्टोस्टेरॉनची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. २००६ मध्ये अनेक पाहण्या एकत्र करून असं दिसलं की टेस्टोस्टेरॉन जास्त असलेल्या पुरुषांना मधुमेह कमी होतो, आणि टेस्टोस्टेरॉन जास्त असलेल्या बायकांना तो जास्त होतो. एकच रेणू, एकच आजार, दिशा उलट. हा योगायोग असेल अशी शंका होती. २०२० मध्ये ब्रिटनच्या 'बायोबँक'मधल्या चार लाखांवर लोकांच्या जनुकांवरून हाच प्रश्न पुन्हा तपासला गेला. जन्मतःच टेस्टोस्टेरॉन जास्त ठेवणारी जनुकं बायकांमध्ये मधुमेह आणि पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोमचा (पीसीओएस) धोका वाढवतात, पुरुषांमध्ये मधुमेहाचा धोका कमी करतात. जनुकं जन्माच्या आधी ठरतात, पोट नंतर सुटतं. म्हणून हा पुरावा निरीक्षणापेक्षा वजनदार.

बायकांमधली ही साखळी पीसीओएसमध्ये उघड दिसते. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल यांनी १९३५ मध्ये सात बायकांचं वर्णन केलं: पाळी नाही, अंगावर लव, बीजांडकोष सुजलेले आणि गाठींनी भरलेले. त्यानंतर पंचेचाळीस वर्षं हा बीजांडकोषाचा आजार मानला गेला. १९८० मध्ये कळलं की या बायकांच्या रक्तात इन्सुलिन वाढलेलं असतं. १९८९ मध्ये अँड्रिया डुनाइफ यांनी दाखवलं की लठ्ठपणा वगळला तरी इन्सुलिनचा हा प्रतिरोध उरतोच. चक्र असं चालतं: पेशी इन्सुलिनला दाद देत नाहीत म्हणून स्वादुपिंड ते जास्त बनवतं. जादा इन्सुलिन बीजांडकोषाला पुरुषी संप्रेरकं बनवायला भाग पाडतं. त्याच वेळी ते यकृतातलं 'एसएचबीजी' हे प्रथिन कमी करतं. एसएचबीजी टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवतं. ते घटलं की मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. त्यातून पोटावर चरबी, आणि चरबीतून पुन्हा इन्सुलिनचा प्रतिरोध.

याची खूण कित्येकदा उघड्यावर असते. मुलीची मान मागून काळी, मखमलीसारखी जाड होते. आई ती मळ समजून बेसनाने, लिंबाने घासत बसते आणि मुलगी शरमून ओढणी गळ्याभोवती घेते. ती वाढलेल्या इन्सुलिनची खूण आहे. घासून जात नाही. अनियमित पाळी, हनुवटीवर राठ केस आणि काळी मान या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर त्या मुलीची साखर तपासली पाहिजे, मग ती सोळाची असो की सव्वीसची.

किती मुलींना हे आहे? परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने मुंबईतल्या तरुण मुलींची पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. एका व्याख्येनुसार प्रमाण २२.५ टक्के निघालं, दुसऱ्या कडक व्याख्येनुसार १०.७. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२४ मधल्या देशव्यापी अभ्यासात व्याख्येनुसार ते ७.२ पासून १९.६ टक्क्यांपर्यंत बदललं. आकडे वापरताना व्याख्या सांगितलीच पाहिजे. पण कमीत कमी आकडा धरला तरी चौदा बायकांत एक होते. मधुमेहाचा धोका यात नक्की वाढतो. हृदयविकाराचाही वाढतो, असं २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना मानतात, जरी तरुण वयात प्रत्यक्ष अटॅक कमीच असले तरी. मग मुलीला नुसती पाळी आणण्याची गोळी देऊन घरी पाठवणं आणि साखर, लिपिड, बीपी न पाहणं, हे अर्धवट उपचार झाले. 'लग्न झालं की सगळं ठीक होईल' हे तर उपचारच नव्हेत.

बारीक मुलीला पीसीओएस कसा, असं बरेच जण विचारतात. उत्तर पुण्यात सापडतं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा शेजारी शेजारी काढलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपल्याकडे वजनकाटा फसवतो. कंबर मोजणं जास्त खरं सांगतं.

पुरुषांच्या बाबतीत सध्या बाजार गरम आहे. थकवा, उत्साह नाही, कामेच्छा कमी, की टेस्टोस्टेरॉन तपासा आणि भरून काढा. कमी टेस्टोस्टेरॉन आणि मधुमेह यांचा संबंध जुना आहे. अमेरिकेत बफेलो इथे काम करणारे डॉ. परेश दंडोना यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं की टाइप २ मधुमेह असलेल्या पुरुषांपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्यात ते कमी असतं. प्रश्न असा की आधी काय? पोट सुटलं की एसएचबीजी घटतं, मेंदूतून अंडकोषांना जाणारा संदेश मंदावतो आणि टेस्टोस्टेरॉन उतरतं. वजन उतरलं की ते पुष्कळदा आपोआप वर येतं. बेरिएट्रिक सर्जरीनंतर हे ठळकपणे दिसतं. म्हणजे बऱ्याच पुरुषांत तो आकडा हा बिघडलेल्या चयापचयाचा परिणाम असतो.

पण सगळं तसंच नाही, हे बोस्टनमधल्या एका देखण्या प्रयोगाने दाखवलं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात २० ते ५० वयाच्या ४०० निरोगी पुरुषांचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन औषधाने बंद करून वेगवेगळ्या मात्रेत जेलमधून परत दिलं. निम्म्यांना आणखी एक औषध दिलं, जे टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होऊ देत नाही. सोळा आठवड्यांनी हिशेब निघाला: स्नायू आणि ताकद घटली ती टेस्टोस्टेरॉन कमी झाल्याने; चरबी वाढली ती मुख्यतः इस्ट्रोजेन कमी झाल्याने. पुरुषाच्या शरीरातलं थोडंसं इस्ट्रोजेन त्याचं पोट आटोक्यात ठेवतं. प्रोस्टेट कर्करोगात टेस्टोस्टेरॉन पूर्ण बंद करणारी इंजेक्शनं घेणाऱ्यांना मधुमेह आणि हृदयविकार वाढतात, त्याचंही एक कारण इथे आहे. अशा रुग्णांची साखर आणि लिपिड कर्करोगाच्या डॉक्टरने पाहायला हवं.

मग बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं तर? ऑस्ट्रेलियातल्या १,००७ मोठ्या पोटाच्या पुरुषांवर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आहार-व्यायामाच्या जोडीला इंजेक्शन दिल्यावर दोन वर्षांनी मधुमेह १२ टक्क्यांना होता, नुसत्या आहार-व्यायामात २१ टक्क्यांना. पण इंजेक्शनवाल्या पाचांतल्या एकाहून जास्त जणांचं रक्त धोकादायक इतकं दाट झालं. हृदयाचं काय होतं ते 'ट्रॅव्हर्स' या २०२३ च्या चाचणीने सांगितलं. पाच हजारांवर पुरुष, हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका असलेले, खरोखर टेस्टोस्टेरॉन कमी असलेले. अटॅक, पक्षाघात किंवा हृदयमृत्यू औषध घेणाऱ्यांत ७ टक्के, न घेणाऱ्यांत ७.३. हृदय वाचलं नाही आणि बिघडलंही नाही. मात्र हृदयाचे ठोके अनियमित होणं, फुप्फुसात गुठळी आणि मूत्रपिंडाला इजा जास्त. नंतरच्या अहवालात हाडं मोडणंही जास्त. ज्यांना कमतरता आहे, लक्षणं आहेत, ज्यांचा आकडा सकाळी दोन वेगळ्या दिवशी तपासून कमीच आला, त्यांना ते द्यावं. बाकीच्यांनी थकव्यावर इंजेक्शन घेऊ नये. जिममधल्या इंजेक्शनांत तर मात्रा याच्या कितीतरी पट असते, चांगलं कोलेस्टेरॉल कोसळतं आणि हृदयाचा स्नायू दुबळा होतो.

इथवर आलो ते औषधांबद्दल. महाराष्ट्रात हार्मोन आणि हृदयाचा सगळ्यात मोठा प्रश्न मात्र औषधाचा नाही, सुरीचा आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशवी काढण्याच्या शस्त्रक्रिया गाजल्या. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. सर्वेक्षणात ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहांमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटात देशाची सरासरी तीन टक्क्यांच्या आसपास आहे, आणि ही शस्त्रक्रिया साधारण चौतिशीत होते. कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत. मुकादमाकडून घेतलेली उचल, नवरा-बायको मिळून एक कोयता, एक दिवस खाडा झाला की दंड, फडात संडास नाही, पाणी नाही. अंगावरून पांढरं जातं म्हणून बाई खासगी दवाखान्यात गेली की कॅन्सर होईल अशी भीती घातली जाते. पाळीचा त्रासच नको म्हणून ती तिशीत पिशवी काढून घेते.

त्यावेळी चर्चा झाली ती मजुरीची आणि दवाखान्यांच्या लोभाची. ती व्हायलाच हवी होती. तिच्यात हृदय मात्र कुठेच नव्हतं. पिशवीबरोबर दोन्ही बीजांडकोष काढले तर इस्ट्रोजेन हळूहळू न घटता एका दिवसात थांबतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने मिनेसोटातल्या बायकांचा दीर्घ मागोवा घेतला: ४५ च्या आत दोन्ही बीजांडकोष काढलेल्यांमध्ये हृदयरोगाने होणारे मृत्यू ४४ टक्क्यांनी जास्त होते, आणि ज्यांना ४५ पर्यंत इस्ट्रोजेन दिलं त्यांच्यात ही वाढ दिसली नाही. बीजांडकोष ठेवले तरी सुटका नाही. त्याच संस्थेच्या २०१८ च्या अभ्यासात नुसतं गर्भाशय काढलेल्या बायकांमध्ये हृदयवाहिन्यांचा आजार ३३ टक्के जास्त आढळला. ३५ च्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांत तो अडीचपट होता. ही निरीक्षणं आहेत, मिनेसोटाची आहेत, आणि ज्या त्रासापायी पिशवी काढली तो त्रासही आजाराला कारण असू शकतो. तरी दिशा स्पष्ट आहे. चाळिशीच्या आत बीजांडकोष गेलेल्या बाईला, दुसरी अडचण नसेल तर, नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत हार्मोन द्यावं, यावर तज्ज्ञांत आज मतभेद नाहीत. २००२ ची भीती तिला लागू नाही. तिच्या शरीरात जे असायला हवं होतं तेच तिला परत द्यायचं आहे. बीडच्या त्या तेरा हजार जणींपैकी किती जणींचे बीजांडकोष गेले, किती जणींचं बीपी आज कुणी मोजतं? सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याच्या केंद्राच्या सूचना सर्व राज्यांनी अमलात आणाव्यात असं सांगितलं. पुढच्या शस्त्रक्रिया त्याने थांबतील अशी आशा आहे. झालेल्यांच्या हृदयाची जबाबदारीही कुणीतरी घ्यायला हवी, आणि ती राज्याच्या आरोग्य खात्यानेच घेतली पाहिजे. ऊसतोडीला निघण्याआधीच्या तपासणीत बीपी, साखर आणि 'पिशवी काढली आहे का, केव्हा, अंडाशयं ठेवली का' एवढे तीन रकाने वाढवायला फार पैसा लागत नाही.

गरोदरपणाबद्दल थोडक्यात. नऊ महिन्यांत वारेतून येणारी संप्रेरकं इन्सुलिनला विरोध करतात; जिचं स्वादुपिंड तो ताण पेलू शकत नाही तिला गरोदरपणातला मधुमेह होतो. बाळंतपणानंतर साखर उतरते, फाइल बंद होते. पण अशा बाईला पुढे टाइप २ मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या निदान सातपट असतो. गरोदरपणात बीपी वाढून प्रीएक्लॅम्पशिया झाला असेल तर पुढे हृदयविकाराचा धोका दुप्पट. वीस वर्षांनी छातीत दुखतं म्हणून ती येते तेव्हा सिगारेट ओढता का, असं विचारलं जातं. बाळंतपणात बीपी वाढलं होतं का, हे विचारलं जात नाही.

म्हणून वाचकांना विनंती. पुढच्या वेळी बीपी, शुगर किंवा छातीच्या दुखण्यासाठी डॉक्टरकडे जाल, तेव्हा हार्मोनचं महागडं पॅनेल करून नेऊ नका. पंचेचाळिशीनंतर पाळी जाते आहे की नाही हे कळायला बहुधा त्याची गरजही नसते, आणि त्या काळात आकडे आठवड्या-आठवड्याला बदलतात. त्याऐवजी एका कागदावर लिहून न्या: पाळी कधी सुरू झाली, नियमित होती का, पीसीओएस सांगितला होता का, बाळंतपणात साखर किंवा बीपी वाढलं होतं का, पाळी कितव्या वर्षी गेली, पिशवी किंवा अंडाशयं काढली असतील तर केव्हा. पुरुषांनी कंबरेचं माप लिहावं, आणि टेस्टोस्टेरॉन किंवा जिमची इंजेक्शनं घेतली असतील तर न लाजता तेही लिहावं. आईचा कागद मुलींनी विचारून भरावा. डॉक्टरने विचारलं नाही तरी तो त्यांच्या पुढ्यात ठेवा आणि केसपेपरला जोडायला सांगा.